चौऱ्याऐंशी सेकंद

९ जानेवारी

पोरी,

जावईबापूंचा फोन आला होता. सहावा महिना लागला म्हणे. सांगून झाल्यावर लगेच म्हणाले, "आई, मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका." मी हो म्हटलं आणि आता लिहायला बसले. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस.

पाच वर्षांत तू माझा एकही फोन घेतला नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते ऐकू येत नाही.

तू हे फाडून टाकायच्या आत कामाचं लिहून घेते. थोरलीच्या, आपल्या खारूताईच्या वेळी बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात तुला जे झालं, ते पुन्हा होईलच असं नाही. बहुतेकींना होत नाही. पण होऊ शकतं. रक्त गोठवणारे जे घटक असतात त्यांतला आठव्या नंबरचा घटक तुझ्या शरीराला परका वाटला आणि शरीरानंच त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या. आपल्याच घरातल्या माणसाला चोर समजून बदडावं, तसं. या वेळी त्या पुन्हा उठल्या तर पोटातल्या बाळापर्यंतही पोचू शकतात. म्हणून गोठण्याची चाचणी आता एकदा, बाळंतपणाच्या तोंडावर एकदा आणि नंतर सहा महिने दर महिन्याला. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग, "मला मागाहून झालेला हिमोफिलिया होता." जन्मजात नव्हे, मागाहून. त्यांनी भुवया उंचावल्या तर पुन्हा सांग. भले भले डॉक्टर म्हणतात की हा पुरुषांचा आजार.

चाचणीची नळी निळ्या झाकणाची असते. ती रेघेपर्यंत भरायला हवी. अर्धवट भरली की रक्त गोठायला लागणाऱ्या सेकंदांचा आकडा उगाच वाढतो आणि सगळेच घाबरतात. मागच्या वेळी तेच झालं होतं.

चाचणी होईपर्यंत मांडीत, दंडात इंजेक्शन घेऊ नकोस. अंगदुखीची गोळी मनानं घेऊ नकोस. अंगावर निळे-काळे डाग उठले आणि कुणी म्हणालं की असल्या दिवसांत अंग हळवंच असतं, तर त्या माणसाचं अजिबात ऐकू नकोस. (मीच म्हणाले होते. माहितीये मला.)

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, असं म्हणशील. म्हण. पण चाचणी कर.

आई


४ फेब्रुवारी

पोरी,

उत्तराची वाट बघत नव्हते. तरी पोस्टमन गेटाशी थांबला की उठून बघते. तो आता मान हलवूनच जातो, मला खाली यायलाही लावत नाही.

मी रिटायर झाले, हे तुला कुणी सांगितलं का? तीन महिने झाले. शेवटच्या दिवशी लॅबमधल्या सगळ्यांनी मिळून एक घड्याळ दिलं. चौतीस वर्षं सेकंद मोजले, म्हणून घड्याळ. विनोद बरा होता, मी हसलेही. आता ते समोर टांगलंय आणि मी सकाळी पाचला उठून त्याच्याकडे बघत बसते. नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते मला पाठ झालंय. शेजारीण विचारते, "लेक काय म्हणते?" मी म्हणते, मजेत आहे. मग घरात येऊन दार लावते. फार एकटं वाटतं गं. तुझे बाबा गेले तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तू पलीकडच्या खोलीत दातांचे साचे घासत बसलेली असायचीस आणि त्या घासण्याच्या आवाजाचा मला वैताग यायचा.

तू करून दिलेली दाढ अजून ठणठणीत आहे. परवा दातांचे डॉक्टर म्हणाले, "कुणाच्या हातचं काम आहे? आता इतकं बारीक कोरत नाहीत." मी म्हटलं, माझ्या मुलीच्या. त्यांनी विचारलं, "अजून करते का?" मी चूळ भरत होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

आता मुद्द्याचं. जावईबापूंचा कालच फोन आला. तू म्हणे डॉक्टरांना सांगितलंस, "बाळंत होईन, पण मला कुणी सुई लावायची नाही." हा काय पोरकटपणा? दोन जिवांची बाई तू. डॉक्टर म्हणतात, आकडा कळल्याशिवाय बाळंतपण कसं करायचं ते ठरवता येणार नाही. रक्तस्राव झाला तर कुठलं औषध आणून ठेवायचं हे त्या एका नळीवर अवलंबून आहे. ते औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मागच्या वेळी दुसऱ्या शहरातून यायला दीड दिवस लागला होता, आणि त्या दीड दिवसात तुझा हात कामातून गेला. माहीत असून असं वागतेस?

सुईला घाबरायचं वय राहिलं का तुझं? मागच्या वेळीही हात झटकला नसतास तर शीर फुटली नसती.

हे वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे. पेनानं खोडलं की आणखी घाण दिसतं.

आई


२२ फेब्रुवारी

पोरी,

तू माझं पत्र वाचलंस. जावईबापूंनी सांगितलं. स्वयंपाकघरात उभी राहून वाचलंस, घडी घालून ओट्यावर ठेवलंस आणि म्हणालीस, "मी हात हलवला नव्हता." एवढंच. मग आत जाऊन दार लावून घेतलंस.

पाच वर्षांत तुझ्याकडून माझ्यापर्यंत आलेलं हे पहिलं वाक्य.

मी जावईबापूंना म्हटलं, जुनं कशाला उगाळायचं, ती रक्त कधी देणार ते सांगा. तेव्हा हा माणूस पहिल्यांदा माझ्यावर भडकला. म्हणाले, "आई, ती रक्त का देत नाही हे तुम्हाला खरंच माहीत नाही?" आणि त्यांनी मला तुझं जुनं डिस्चार्ज कार्ड फोनवर वाचून दाखवलं. "रक्त काढताना रुग्णाने हात झटकल्यामुळे शिरेस इजा."

ते कार्ड तू जिथे जाशील तिथे फाइलमध्ये जातं. नव्या हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला धरूनच ठेवावं लागेल." दोघींनी तुझा हात दाबून धरला. तोच हात. तू ओरडलीस आणि उठून घरी आलीस. मग दुसरीकडे गेलात, तिथेही कार्ड वाचलं, तिथेही धरायला आल्या. जावईबापू म्हणाले, "ती सुईला घाबरत नाही हो. तिला धरलेलं सहन होत नाही." मला एवढंच सांगितलं होतं की तू नाही म्हणतेस. बाकीचं मी माझ्या मनानं भरलं.

कार्डावरचं ते वाक्य डॉक्टरांनी लिहिलं, पण त्यांना सांगितलं मी. ते तर तेव्हा तिथे नव्हतेही. त्यांनी विचारलं, काय झालं होतं? तू पलंगावर होतीस, शुद्धीत होतीस, ऐकत होतीस. मी म्हणाले, लहानपणापासून सुईला घाबरते, हात झटकला. तू माझ्याकडे बघितलंस. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले.

पाच वर्षांपूर्वीचं तंतोतंत कुणाला आठवतं? थोडासा हलला असेल हात. माणूस आहे, हलतो.

उद्या लॅबमध्ये जाऊन येते. चष्मेवालीला भेटते. ती आता माझ्या खुर्चीवर बसते.

आई


२५ फेब्रुवारी

पोरी,

हे पत्र तीनदा लिहिलं. पहिली दोन फाडली, कारण दोन्हींत मी स्वतःला सांभाळून घेतलं होतं.

चष्मेवालीकडे गेले. सव्वीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर काम केलं. तिनं चहा मागवला. मी म्हटलं, मला पाच वर्षांपूर्वीचं रजिस्टर बघायचंय. ती म्हणाली, "कुठलं पान ते मला माहितीये." काढून माझ्यापुढे ठेवलं. माझंच अक्षर. तुझं नाव, आकडा चौऱ्याऐंशी सेकंद, आणि शेऱ्यात "नळी अपुरी भरलेली, नमुना अयोग्य". खाली त्याच संध्याकाळचा दुसरा, शहाऐंशी, तोच शेरा.

निरोगी माणसाचा आकडा तीस-पस्तीसच्या आसपास असतो. तुला हे माहीत आहे, लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसून आकडे मोजायचीस.

मी म्हटलं, "मला हा शेरा दुरुस्त करायचाय." तिनं लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "मी ती नळी त्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितली होती. रेघेपर्यंत भरलेली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. आधी आठवडाभर थांबले, मग वर्षभर. मग वाटलं आता बोलून काय."

चहा तसाच राहिला. दोघींचाही.

तर आता ऐक. कसं झालं ते सगळं लिहिते. तुला माहीतच आहे, पण मी लिहायला हवं.

त्या सकाळी तू मला मांडीवरचा डाग दाखवलास. चौथा होता, तळहाताएवढा. आधीच्या तिन्ही डागांना मी हसले होते, पलंगाला आपटली असशील म्हणाले होते. चौथा बघून मात्र मला संशय आला. तुला सांगितलं नाही. तुला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि तुझ्या उजव्या हाताची शीर धरली. घरी रक्त काढायचं नाही, नात्यातल्या माणसाचं तर नाहीच, हा नियम मी चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला. सुई नीट लागली. नळी रेघेपर्यंत भरली. तू पुतळ्यासारखी बसली होतीस.

लॅबमध्ये मशीननं चौऱ्याऐंशी दाखवले. आणि मी काय केलं? जे शिकवत आले तेच. आकडा विचित्र आला की आधी नळीवर संशय घ्यायचा, मग सुईवर, मग मशीनवर, आणि सगळ्यांत शेवटी रक्तावर. शंभरात नव्व्याण्णव वेळा ते बरोबर असतं. पण नळी हातात धरून समोर बघत होते मी. भरलेली दिसत होती. तरी अपुरी लिहिलं. नळी पूर्ण आहे असं मानलं असतं तर तुझ्या रक्तात खोट आहे असं मानावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. तू धडधाकट पोर, तुला कधी साधं खरचटलं तरी दोन मिनिटांत खपली धरायची. घरात तीन महिन्यांची खारूताई. मला तो आकडा नको होता, म्हणून मी तो खोटा ठरवला.

संध्याकाळी पुन्हा त्याच कोपरात सुई घातली. शहाऐंशी. दुसऱ्या सकाळी तिसऱ्यांदा. डाव्या हाताची शीर सापडत नव्हती, म्हणून परत उजवा. तेव्हा तू म्हणालीस, "आई, आधीचंच अजून थांबलेलं नाही." कापसाखालून झिरपत होतं. मी बघितलं. आणि म्हणाले, "दाबून धर. सगळ्यांचं थांबतं."

तोवर एकोणतीस वर्षं रक्त गोठतं कसं हे बघत आलेल्या बाईला समोर न गोठणारं रक्त दिसलं, तेव्हा ती हे म्हणाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या वेळी हात हलला. तुझा नाही. माझा. माझा हात थरथरत होता, कारण आतून मला कळून चुकलं होतं. सुई शिरेतून आरपार गेली. दुपारपर्यंत तुझा हात कोपरापासून मनगटापर्यंत टम्म फुगला, आणि तू म्हणालीस अंगठा आणि पहिली दोन बोटं जाणवत नाहीत. आत साठलेल्या रक्तानं नस दाबली होती. आजार माझ्यामुळे झाला नाही, हे मला माहीत आहे. पण हातातलं रक्त मी टोचून टोचून तिथे साठवलं. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर एकच टोचणी झाली असती, आणि औषध निदान दिवसभर आधी पोचलं असतं.

हॉस्पिटलात पुढचा नमुना वॉर्डातल्या नर्सनं डाव्या हातातून काढला आणि तो चष्मेवालीनं मशीनवर लावला. मला जवळ येऊ दिलं नाही. तिनं ते केलं जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तुझ्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी आणि निरोगी माणसांचं, निम्मं निम्मं मिसळून दोन तास कोमट ठेवायचं. काही कमी पडलं असेल तर निरोगी रक्त ते भरून काढतं आणि आकडा सुधारतो. तुझा सुधारला नाही. उलट निरोगी रक्तही गोठेना. तेव्हा कळलं की अँटीबॉडी आहेत. निरोगी म्हणून वापरलेलं ते आम्हा दहा जणींचं एकत्र केलेलं होतं. त्या दहांत मी होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री चष्मेवालीनं रिपोर्टचा कागद पुढे केला, तेव्हा वाटलं, माझंही काही तुझ्या कामी आलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं आणि मी तुझं नाव घेतलं. लोकांनी म्हटलं असतं, एवढी जुनी बाई आणि सख्ख्या लेकीचं रक्त काढता येत नाही. एवढ्यासाठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझी बोटं गेली, काम गेलं, आणि मी माझ्या हाताची अब्रू सांभाळत बसले.

तू हात हलवला नव्हतास.

सोबत एक कागद जोडलाय. माझं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, सही. त्यात लिहिलंय की डिस्चार्ज कार्डावरचं ते वाक्य खोटं आहे, ते मी सांगितलं होतं, तीनदा सुई मी लावली आणि शीर माझ्या हातून फुटली. रुग्ण तिन्ही वेळा स्थिर बसली होती, तिला धरण्याची गरज नाही. चष्मेवालीनं साक्षीदार म्हणून खाली सही केली. तशीच एक प्रत जुन्या हॉस्पिटलला दिली, आणि रजिस्टरमध्ये लाल शाईनं शेरा दुरुस्त केला. तिथले साहेब म्हणाले, "आता पेन्शन चालू झाल्यावर कशाला हे?" मी म्हटलं, सही करा.

हा कागद फाइलमध्ये कार्डाच्या वर लाव. खाली नको, वर.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न. तू रक्त दे, एवढंच मागते. मी सांगते म्हणून नको. तुला कुणी धरणार नाही म्हणून दे.

आई


२८ मार्च

पोरी,

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सगळं लिहून झालं होतं. दिवसातून दहा वेळा फोन उचलून चालू आहे ना, बघायचे.

आज दुपारी जावईबापूंचा आला. म्हणाले, "आई, तिनं रक्त दिलं." म्हणाले, नव्या डॉक्टरीणबाईंनी माझा कागद दोनदा वाचला, नर्सला बाजूला उभं केलं आणि तुला विचारलं, कुठला हात द्यायचा? तू डावा पुढे केलास. कुणी धरलं नाही. एका टोचणीत झालं आणि कापूस पाच मिनिटं तू स्वतः दाबून बसलीस. खारूताई शेजारी बसून मोजत होती म्हणे. तिला मोजायला कुणी शिकवलं?

मग मी विचारलं. विचारणारच ना, दुसरं काय येतं मला. म्हटलं, आकडा किती आला?

मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे तू तिथेच होतीस. मग म्हणाले, "आई, तिनं निरोप दिलाय. मी ठीक आहे म्हणून सांगा. आकडा सांगू नका."

मला काय काय विचारायचं होतं ते तुला ठाऊक आहे. पस्तीसच्या आत की बाहेर. कुठल्या मशीनवर लावला. नळी किती वेळात लॅबमध्ये पोचली. मिसळून बघितलं का. रिपोर्टचा फोटो पाठवा म्हणायला तोंडही उघडलं होतं. जावईबापू भले गृहस्थ आहेत, मी हट्ट धरला असता तर त्यांनी बाहेर जाऊन हळूच सांगितलाही असता.

मी विचारलं नाही. "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आयुष्यभर मी लोकांना ओळखत नव्हते, त्यांचे आकडे तेवढे ओळखत होते. तुझा आकडा मला माहीत नाही. तू ठीक आहेस असं तू म्हणालीस. म्हणजे तू ठीक आहेस.

आई